अजून न सोडलेल्या माणसाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी, म्हणजे शिरवळला आलो होतो. रात्री अकराच्या सुमारास शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. हा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, संध्याकाळी हायवेलगतच्या एका जिममध्ये जातो, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. सर्व्हिस रोडला गाडी लावून उभा होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला हायस, एक सांग. एड्स होऊ नये म्हणून गोळी असती का रं?"

मला वाटलं काहीतरी प्रेमप्रकरण असेल. तसं नव्हतं. त्याच्यासकट जिममधली चार पोरं व्यायामाआधी मेफेंटरमाइनचं इंजेक्शन घेत होती. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब फार खाली गेला, तर तो वर आणायला हे औषध देतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते मिळायला नको, पण मिळतं. आपल्या भागात त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. परवा रात्री चौघांत सिरिंज एकच होती. त्यातल्या एकाबद्दल गावात काहीबाही बोललं जात होतं, ते याच्या कानावर आज आलं होतं.

मी म्हणालो, "आधी ते इंजेक्शन बंद कर. मग बाकीचं बघू."

तो "बरं" म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

बऱ्याच महिन्यांनी, वेगळंच काही वाचताना मला दोन गोष्टी कळल्या. एक, अशी गोळी खरंच असते. संसर्गाचा धोका असलेल्या माणसाने आधीपासून रोज घ्यायची, तिला प्रेप म्हणतात. दुसरी गोष्ट जास्त बोचली. धोका घडून गेल्यावर घ्यायच्या औषधांना पेप म्हणतात. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. मित्र माझ्याकडे आला तेव्हा ४८ तास झाले होते. म्हणजे हातात एक अख्खा दिवस होता, आणि तो दिवस मी एका उपदेशात घालवला.

ते वाक्य मला सुचलं कुठून, याचा मी तेव्हापासून शोध घेतोय. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. चूक कुठे झाली हे बघायला लॉग वाचत मागे मागे जायची सवय आहे. इथेही मागे गेलो, तर वाट आमच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटापाशी पोचली.

त्या कपाटातलं व्यसनावरचं सगळ्यात जुनं पुस्तक 'एकच प्याला'. १९१९ साली हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा गडकरी हयात नव्हते. गोष्ट सगळ्यांना माहीत असते : हुशार वकील सुधाकर, एका अपमानानंतर हाती आलेला पहिला प्याला, आणि मग संसाराची राखरांगोळी. नाटकाचं नावच निकाल सांगून टाकतं. एक प्याला आणि शेवट यांच्यामध्ये थांबायला स्टेशन नाही.

पुन्हा वाचताना मात्र मी एका जागी अडखळलो. सुधाकर मध्ये दारू सोडतो. मनापासून सोडतो. मग तो नोकरी मागायला ओळखीच्या, प्रतिष्ठित माणसांकडे जातो आणि त्याला तिथे जी वागणूक मिळते, तिने तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याला परत ढकलण्यात दारूइतकाच त्या दिवाणखान्यांचाही हात आहे, हे गडकऱ्यांना दिसलेलं होतं. आपण शंभर वर्षं ते नाटक 'दारू वाईट' एवढ्याच अर्थाने वाचत आलो, हा नाटकाचा दोष नाही. दोष असलाच तर दुसरीकडे आहे. ज्याला सोडायची इच्छाच नाही असा माणूस नाटकात आहे, तळीराम. त्याच्या वाट्याला आर्यमदिरामंडळ, टाळ्या घेणारे विनोद आणि शेवटी मरण येतं. पिणारा एक तर सुधाकर असतो, ज्याच्यासाठी रडायचं, किंवा तळीराम, ज्याला हसायचं. या दोघांपैकी कोणाला ताप आला, जखम झाली, तर काय करायचं हे नाटक सांगत नाही. शोकांतिकेचं ते कामही नव्हे. पण आपण शोकांतिकेलाच आरोग्यशिक्षण मानून बसलो.

दुसरं पुस्तक अनिल अवचटांचं 'गर्द'. याच्याबद्दल टीकेने बोलणं मला जड जातं, कारण मी वाचनाला लागलो तेच अवचटांमुळे. साधी वाक्यं, समोरच्या माणसाकडे जाऊन बसणं, आपल्याला काय कळलं नाही तेही सांगणं. १९८६ साली पुस्तक आलं. त्या लेखनाने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले, त्यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. सुनंदा, म्हणजे अनिता अवचट यांनी ते उभं केलं. एखाद्या मराठी पुस्तकातून अशी संस्था जन्मते आणि चाळीस वर्षं चालते, हे किती वेळा घडतं?

'गर्द'मुळे एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. गर्दुल्ला हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या वाचकाला त्याच्या आईबापांच्या घरात नेऊन बसवलं गेलं. व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, हे मध्यमवर्गाला पटलं ते या लेखनामुळे. पण आजार म्हटला की बरं होणं आलं, आणि इथे बरं होणं म्हणजे पूर्ण सुटणं. संस्थेच्या नावातच मुक्ती आहे. व्यसन सुटल्याचे वाढदिवस साजरे होतात, त्यात रडू येण्यासारखं खरंच काही असतं. ही गोष्ट सुंदर आहे, आणि ती एकच आहे. पडलेला माणूस उठतो. पुन्हा पडला तर पुन्हा उठेपर्यंत गोष्ट थांबून राहते. तो पडलेला असताना त्याच्या शरीरात काय चाललंय, हे गोष्टीच्या बाहेर जातं.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की तेव्हा गर्द बहुतेक जण पन्नीवर ओढायचे, टोचायचे नाहीत. आणि भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण चेन्नईत सापडले तेही १९८६ मध्येच. म्हणजे पुस्तक, संस्था आणि विषाणूची पहिली नोंद, तिन्ही एकाच वर्षातली. अवचटांना सुईचा प्रश्न दिसायला हवा होता असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. माझं म्हणणं त्यांच्या नंतरच्या आपल्याबद्दल आहे. मुंबईच्या रस्त्यावर नव्वदच्या दशकात पन्नीवाले सुईकडे वळले, मणिपुरात त्याआधीच सुईने थैमान घातलं होतं, आणि मराठी लेखक-वाचक अजूनही १९८६ चीच गोष्ट नव्या नावांनी सांगत होते.

आमच्या खंडाळा तालुक्यात तर या गोष्टीला आणखी जुनं मूळ आहे. लोणंदला माउलींची पालखी येते. आमच्याकडे कुणी दारू-मटण सोडलं असं म्हणत नाहीत, 'माळ घातली' म्हणतात. ज्याने घातली तो माळकरी, ज्याने काढली तो गेला कामातून. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाने याच बळावर आमच्या जिल्ह्यातली किती तरी पोरं दारूपासून लांब ठेवली. माझे एक चुलते त्यातले. त्यामुळे मी हे तुच्छतेने लिहीत नाहीये. पण अर्धी माळ नसते. आठवड्यातून चारदा टोचणारा आता दोनदा टोचतो, किंवा तेवढंच टोचतो पण नव्या सुईने, यासाठी आमच्या भाषेत शब्दच नाही. 'व्यसनमुक्त', 'नशामुक्त' आहे. 'हार्म रिडक्शन'ला 'हानी कमी करणे' असा सरकारी उतारा करता येतो, पण चहाच्या टपरीवर तो कुणी वापरणार नाही. शब्द नाही, म्हणून माझ्या तोंडून त्या रात्री "बंद कर" एवढंच निघालं.

बातम्यांची तऱ्हा वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा मेफेड्रोनचा तपास कुरकुंभहून सांगलीच्या कुपवाडपर्यंत गेला, तेव्हा आम्ही सगळे आठवडाभर किलो आणि कोटी वाचत होतो. माल कुणाच्या नाकात किंवा नसेत जाणार होता, तो माणूस एकाही बातमीत मला भेटला नाही.

कायदाही हीच गोष्ट सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात ६४ अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून व्यसनमुक्तीच्या उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार पुरा केला नाही तर ही सवलत काढून घेता येते. म्हणजे सुधाकर होण्याची अट पाळलीस तर माफी, तळीराम राहिलास तर खटला.

आणि मग अगदी अनपेक्षित ठिकाणी मला दुसरी गोष्ट सापडली. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. त्याचं २२ वं कलम म्हणतं की संसर्गाचा धोका कमी करण्याचे उपाय करणाऱ्यावर आणि ते घेणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही. कायद्यात कधी कधी उदाहरणं देतात, तशी इथेही आहेत. त्यातल्या एकाचा आशय असा : एक्स हा नोंदणीकृत सुई-बदल कार्यक्रम चालवतो. वाय हा इंजेक्शनने नशा करणारा माणूस आहे. वाय वापरलेल्या सुया आणून देतो, एक्स त्याला स्वच्छ सुया देतो. दोघेही दोषी नाहीत.

इतकंच. पण मी हे उदाहरण तीन-चारदा वाचलं. या वायला कुणी विचारत नाही की बाबा कधी सोडणार. त्याची आई रडत नाही. तो पडतही नाही आणि उठतही नाही. तो जुन्या सुया घेऊन येतो आणि नव्या घेऊन जातो, आणि गोष्ट संपते तेव्हा तो जिवंत असतो, निर्दोष असतो आणि बहुधा संध्याकाळी पुन्हा टोचणार असतो. मराठीत मी जे काही वाचलंय त्यात मला असा माणूस भेटलेला नाही. संसदेच्या मसुदाकारांनी नकळत एक लघुकथा लिहिली आणि ती आपल्या कथाकारांच्या पुढे निघून गेली, असं मला गंमतीने नव्हे तर खरंच वाटतं.

आता गोळीकडे येतो. कारण प्रेप ही वायसारख्याच माणसासाठी आहे. ती 'सोड' म्हणत नाही.

सुईने नशा करणाऱ्यांवर या गोळीची मोठी चाचणी बँकॉकमध्ये झाली. २००५ ते २०१२, सतरा दवाखाने, २,४१३ माणसं. निम्म्यांना टेनोफोविर, निम्म्यांना रिकामी गोळी. संसर्ग जवळजवळ निम्म्याने घटला : नेमका आकडा ४८.९ टक्के. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, म्हणजे ज्यांनी गोळी गिळली होती, त्यांच्यात संरक्षण ७० टक्क्यांच्या वर गेलं. चाचणी संपल्यावर वर्षभर गोळी फुकट देऊ केली, तेव्हा पात्र लोकांपैकी साठेक टक्क्यांनी ती घ्यायला सुरुवात केली. आणि कोण पुढे आले? हेरॉइन टोचणारे आणि नुकतेच तुरुंगात राहिलेले, यांचं प्रमाण जास्त होतं. 'नशेकऱ्याला जिवाची पर्वा नसते' या वाक्यावर आपली किती सिनेमे आणि कीर्तनं उभी आहेत, ते आठवून हा आकडा वाचावा. हेही खरं की त्यातले बरेच जण पुढे फिरकलेच नाहीत. रोज एक गोळी, न चुकता, हे मला व्हिटॅमिनच्या बाबतीतही जमलेलं नाही.

पण ही चाचणी मला वाचायला शिकवणारी ठरली ती दुसऱ्या कारणाने. थायलंडमधल्या नशा करणाऱ्यांच्याच संघटनांनी तिच्यावर कडाडून टीका केली होती. सहभागींना कंडोम दिले, सुया धुवायला ब्लीच दिलं, समुपदेशन दिलं, फक्त स्वच्छ सुया दिल्या नाहीत, कारण अमेरिकी सरकारच्या पैशातून त्या देता येत नव्हत्या. म्हणजे संसर्ग रोखणारी सगळ्यात स्वस्त वस्तू बाजूला ठेवून महाग वस्तू तपासली जात होती. नंतर नशा करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेने, इनपुडने, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांशी प्रेपबद्दल बोलून त्यांचं म्हणणं मांडलं. त्यात सरसकट नकार नव्हता. भीती होती : गोळी आली की सुया आणि बुप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी उपचार बंद करतील. गोळी हेपॅटायटिस सी थांबवत नाही, टोचलेल्या जागी होणारं गळू थांबवत नाही, पोलिसांची काठी तर नाहीच नाही. आणि डबीवर तेच नाव असतं जे एचआयव्ही झालेल्यांच्या गोळ्यांवर असतं. एका खोलीत चौघं राहत असतील तर ती डबी कुठे ठेवायची?

हा शेवटचा प्रश्न वाचला आणि मला माझ्या मित्राची खोली आठवली. एक कॉट, एक खुंटी, भिंतीला टेकवलेली तिघांच्या बॅगांची रांग.

इथे मी माझ्या इंजिनियरपणावर जरा हसून घेतो. मित्राच्या प्रश्नाचं 'बरोबर' उत्तर सापडलं म्हणून मी खूश होतो : गोळी आहे, आकडे आहेत, संपलं. पण ज्यांच्यासाठी गोळी आहे ते विचारत होते की आम्हाला काय हवंय हे आधी कुणी विचारलं का. उपदेश करणारा मी आणि गोळी पुढे करणारा मी, दोघेही ऐकत नव्हते.

ऐकणं कसं असतं याचं उदाहरण शोधायला बँकॉकला जायची गरज नव्हती. ते शिरवळहून हायवेने तीन-चार तासांवर, सांगलीत आहे. तिथे प्रश्न सुईचा नव्हता, वेश्याव्यवसायातल्या बायकांचा होता, पण मुद्दा हाच : ज्यांनी काम सोडलेलं नाही आणि सोडायचंच असंही नाही, त्यांचा जीव आज कसा वाचवायचा. १९९२ पासून मीना सेषू आणि संग्राम संस्थेने गोकुळनगरात कंडोमचं काम सुरू केलं. वाटप बायकांनीच हातात घेतलं. १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद झाली. (मुक्ती शब्द इथेही आहे, पण नावात नीट बघा, कशापासून ते.) २००५ मध्ये अमेरिकी मदतीला वेश्याव्यवसायविरोधी शपथेची अट आली, तेव्हा संग्रामने सही करण्याऐवजी पैसे परत केले. बँकॉकमध्ये देणाऱ्याची अट चालली, सांगलीत चालली नाही. 'आधी सोड, मग बघू' हे वाक्य तिथे डॉलरमध्ये आलं होतं आणि तरी नाकारलं गेलं. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली ही गोष्ट मला सव्विसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितली नाही. शाळेत एड्सवर निबंध मात्र दोनदा लिहिला होता.

प्रेप भारतातही पहिल्यांदा अशाच संघटनांच्या हातून गेली. कोलकात्याची दुर्बार आणि म्हैसूरची अशोदया, दोन्ही वेश्याव्यवसायातल्या माणसांच्या. २०२२ मध्ये नॅकोची प्रेपवरची मार्गदर्शक तत्त्वं आली. सुईवाले मात्र आकड्यांत सगळ्यात वर आणि बोलण्यात सगळ्यात खाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख माणसं इंजेक्शनने नशा करतात. २०२१ च्या नॅकोच्या पाहणीत त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होतं, सर्वसाधारण प्रौढांत ते ०.२ च्या आसपास असताना. मुंबईत संकल्पसारखी संस्था १९९५ पासून रस्त्यावरच्या अशा माणसांत सुया घेऊन जाते. तिच्यावर कुणी 'गर्द'च्या तोडीचं पुस्तक लिहील याची मी वाट बघतोय.

आणि माझा मित्र तर या साडेआठ लाखांतही बसत नाही. तो स्वतःला नशेकरी समजत नाही. दारूला शिवत नाही, अंडी आणि पनीर खातो, मारुतीच्या शनिवारी उपास करतो. व्यसनमुक्ती केंद्राच्या बोर्डवरचा लाल डोळ्यांचा माणूस म्हणजे आपण, असं त्याला कसं वाटणार? शिवाय सुईवर आपला विश्वास जुना. ताप आला की डॉक्टरांनी सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही अशा घरात आम्ही वाढलो. सुई आमच्यासाठी ताकद आहे. गर्दुल्ल्याची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तळीरामाचीही नाही, आणि कायद्यातला वाय त्याला कुणी दाखवलेला नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाचं गाव आहे, हायवेलगतचं, शिरवळपेक्षाही लहान. २०१५ मध्ये तिथे वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचणाऱ्यांत एचआयव्ही शिरला आणि त्या छोट्याशा भागात दोनशेहून अधिक लोकांना झाला. राज्याने सुई-बदलाला परवानगी दिली ती साथ भडकल्यावर. मी त्या गावाचे फोटो बघितले. पेट्रोल पंप, गोडाऊनं, कडेला उभे ट्रक. मी ते टॅब लवकर बंद केले.

गेल्या गणपतीत मित्र पुन्हा भेटला. सगळं वाचलेलं मी त्याच्यापुढे ओतलं : ७२ तास, आयसीटीसीत चाचणी फुकट आणि गुपित असते, वगैरे. तो चहा पीत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तपासलं मी तवाच. आन तीन महिन्यांनी परत. काय नाय निघालं." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. "तुला गोळी इचारली व्हती, तू कीर्तन केलंस. परत कोण येतंय तुझ्याकडं."

बाकीच्या तिघांचं काय, म्हटलं. एक पुण्याला गेला, दोघं आहेत. मग त्याने बॅगेची बाजूची चेन उघडून दाखवली. सीलबंद सिरिंजचं पाकीट होतं. "आता ज्याची त्याची," म्हणाला.

ते औषध हृदयाला काय करतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. त्याने चेन लावली आणि खंबाटकीत पुन्हा ट्रक पलटी झालाय, साताऱ्याहून येणारी पोरं आज उशिरा पोचतील, असं सांगायला लागला.